भवानी पेठेतला सुईणींचा वर्ग

आमच्या मंडळात आम्ही अकरा जणी होतो आणि अकरा जणींना मिळून एकच गोष्ट चांगली जमत होती, ती म्हणजे हळदीकुंकू. मंडळ काढलं होतं डॉक्टरीणबाईंनी. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. त्यांच्या यजमानांचा सोलापूरच्या भवानी पेठेत दवाखाना होता, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. माझे यजमान शाळामास्तर. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. अक्षर बरं होतं म्हणून मला मंडळाची चिटणीस केलं होतं. दर गुरुवारी दुपारी, पुरुषमाणसं कामावर गेली की आम्ही देवळामागच्या एका खोलीत जमायचो. शिवण असायचं, कुणीतरी मोठ्याने पुस्तक वाचायचं आणि चार वाजता उठायचो.

अशाच एका गुरुवारी डॉक्टरीणबाई उशिरा आल्या. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "मागच्या गल्लीत आज आणखी एक मूल गेलं. आठ दिवसांचं होतं. या पंधरवड्यातलं हे तिसरं. आणि आपण इथे रुमालांना काठ शिवतोय."

मागची गल्ली म्हणजे तेलुगू विणकरांची. तिथले माग दिवसभर खडखडत, ते आम्हाला खोलीत बसून ऐकू येत. पण त्या गल्लीत आमच्यापैकी कुणी कधी गेलेलं नव्हतं. त्या आठवड्यात गेलो. पाच जणी, डिंकाचे लाडू घेऊन. एका घरात नुकतीच बाळंत झालेली बाई होती. तिच्या जावेने आम्हाला चटई टाकून बसवलं. आम्ही तिला सांगितलं, स्वच्छता ठेवा, बाळाला जपा. तिने सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि आमचं बोलणं संपल्यावर पुन्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली.

परत येताना आमच्यातली एक जण म्हणाली, "स्वच्छता ठेवा म्हणजे नक्की काय करा, असं तिने विचारलं असतं तर आपण काय सांगणार होतो?"

घरी गेल्यावर मी पुण्याच्या एका संस्थेला पत्र लिहायला बसले. ही संस्था बायकांना शुश्रूषेचं शिक्षण देते असं डॉक्टरांकडून कळलं होतं. आमची मदत करण्याची इच्छा आहे, परंतु मदत कशी करावी याचे ज्ञान आम्हांस नाही, तरी शिकवणारी व्यक्ती पाठवावी, असं लिहिलं. उत्तर लवकर आलं. एक अनुभवी परिचारिका तीन आठवड्यांसाठी पाठवतो. आपण एक खोली, एक चूल आणि एक मोठं पातेलं तयार ठेवावं. शेवटी लिहिलं होतं की पेठेतल्या सुईणी वर्गाला हजर असल्याच पाहिजेत. ते शेवटचं वाक्य आम्ही वाचलं आणि खोली, चूल आणि पातेलं तेवढं जमवलं.

पुण्याच्या बाई चाळिशीच्या असाव्यात. पांढरं लुगडं, पायात सोलापूरच्या त्या उन्हातही मोजे आणि बूट. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या सगळ्यांच्या बोटांना काजळ चोपडलं आणि म्हणाल्या, "आता हात धुऊन दाखवा." आम्ही धुतले. त्यांनी प्रत्येकीची नखं पाहिली. प्रत्येकीच्या नखात काळं होतं. पुन्हा धुतले. पाचव्या खेपेला डॉक्टरीणबाईंचे हात पास झाले, बाकीच्यांचे नाही. आम्ही हसत होतो. त्या हसत नव्हत्या, पण रागावतही नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी नाळेचा धडा होता. मी चिंध्यांचं एक बाहुलं शिवून आणलं होतं, त्याला सुताची नाळ लावली होती. ते माझ्याच मांडीवर होतं. बाई सांगत होत्या, नाळ कापायला घरात सापडेल ती विळी घेतात, मग वर राख लावतात, कुठे शेण लावतात. त्यातून विष आत जातं. पाच-सहा दिवस काही कळत नाही. मग मूल अंगावर प्यायचं थांबतं. तोंड उघडत नाही. अंग ताठ होतं आणि कमानीसारखं वाकतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, माढ्याला झालं होतं. मुलगा झाला होता. सातव्या दिवशी सकाळी त्याने तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी तो गेला. आईने पाचवीची पूजा यथासांग केली होती, तरी सटवीने नेला, असं घरातले म्हणाले. मीही तेच धरून चालले होते. देवीने नेला म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. त्याला आता चार वर्षं झाली होती आणि पुन्हा मूल झालं नव्हतं.

मी विचारलं, "बाई, ताजं शेण असेल तरी?"

"ताजं असलं तरी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून थांबल्या.

मी बाहुलं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन देवळाच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने बाई आल्या आणि शेजारी बसल्या.

"किती दिवसांचा होता?"

"नऊ."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "सुईणी आल्या नाहीत तर या वर्गाचा काही उपयोग नाही. बाळंतपणं त्या करतात, तुम्ही नाही करत. त्यांना बोलवायला तुम्ही जाल का?"

मी म्हटलं, "मला नका पाठवू. मला त्यांचं तोंड पाहवणार नाही."

"मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्या जणी पुन्हा लाडूच घेऊन जातील."

मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी यजमान शाळेत गेल्यावर उठले आणि मागच्या गल्लीत गेले.

तिथल्या सगळ्यांत जुन्या सुईणीला लहानथोर सगळे अव्वा, म्हणजे आजी, म्हणत. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली. साठी उलटलेली, ठेंगणी, दंडावर हिरवं गोंदण. ती उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. मी वर्गाबद्दल सांगितलं. तिने ऐकलं आणि आपल्या मराठीत विचारलं, "तुमच्या पुण्याच्या बाईनं किती पोरं काढली?"

"पुष्कळ. शंभरांवर असतील."

"आन् तुमी?"

"एकसुद्धा नाही."

ती मोठ्याने हसली. "मग मला काय शिकवतंय तुमी?"

मी घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती. ती आठवेनात. मी म्हटलं, "अव्वा, माझा मुलगा नवव्या दिवशी गेला. तो कशाने गेला ते मला या वर्गात कळलं."

तिचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "तोंड मिटलं होतं?"

"हो."

"असं झालं होतं?" तिने तळहात उलटा करून कमान करून दाखवली.

मी मान हलवली. तिने सरकून उंबऱ्यावर जागा केली आणि मला बसायला लावलं. समोरच्या घरातला माग चालू होता. तो थांबला. मग म्हणाली, "माज्या पोरीचं दोन तसंच गेलं. एकामागं एक. दोन्ही माज्या हातानंच निगाले. आमी म्हणलं, देवी कोपली. कोंबडं कापलं." मग तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, "ती पुण्याची बाई म्हणते, हातामुळं होतंय?"

मला तिथे खोटं बोलावंसं वाटलं. वाटलं, सांगावं की नाही, हातामुळे नाही, नशिबामुळे होतं. ही म्हातारी काही माझ्या मुलाची सुईण नव्हती. पण मी म्हटलं, "हो अव्वा. हातामुळे, विळीमुळे, राखेमुळे. कुणी मुद्दाम करत नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर यायची नाही. ती तोंड धुऊन, पदर नीट करून आली आणि म्हणाली, "चला. कुटं हाय तो वर्ग?"

दुसऱ्या दिवशी तिने आणखी चौघींना आणलं. त्या पाच जणी दाराशी, सतरंजी सोडून जमिनीवर बसल्या. आमच्यातल्या कुणी त्यांना पुढे या म्हटलं नाही. मीही नाही, हे सांगितलं पाहिजे. पुण्याच्या बाईंनी शिकवायचं थांबवलं, पातेलं उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं. "तुम्ही इकडे या," त्या आम्हाला म्हणाल्या. "अव्वा, तुम्हाला दिसतंय ना नीट?" सुईणीला 'तुम्ही' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. आमच्यातली एक जण शिवण गुंडाळून उठली आणि पुन्हा मंडळात आली नाही. बाकीच्या सरकल्या.

अव्वासारखे प्रश्न आम्ही कधीच विचारले नव्हते. कात्री उकळून घ्यायची, असं बाईंनी सांगताच ती म्हणाली, "घरात एकच भांडं हाय. त्यात भात शिजतो. त्याच्यात कात्री घालू? सासू भांडंच फेकून देईल की."

मग अव्वानेच सुचवलं की घासलेटचा लहान डबा कापून त्याचं भांडं करता येईल, ते सुईणीनेच बरोबर न्यावं. तसे पाच डबे करून घेतले. प्रत्येकात एक कात्री, धुतलेला दोरा, फडकी आणि साबणाची वडी. एखादी गोष्ट बाकीच्या चौघींना समजली नाही की अव्वा ती तेलुगूत सांगायची. 'चेतुलु कडुक्को' म्हणजे हात धू, हे आम्ही सगळ्या जणी त्या तीन आठवड्यांत शिकलो. बाई परत निघाल्या तेव्हा अव्वाने त्यांची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली.

महिनाभराने एका सकाळी अव्वाचा निरोप आला, लवकर या. मी गेले. एका विणकराची सून अडली होती. त्या घरचा माग तेवढा बंद होता, शेजारपाजारचे चालूच होते. अव्वाने माझ्यासमोर हात धुतले आणि दोन्ही हात पुढे करून नखं दाखवली. एवढी अनुभवी बाई, आणि माझ्याकडे तपासून घेत होती. मी मान हलवली. दुपार कलायच्या आत मुलगी झाली आणि जोरात रडली. डब्यात उकळलेली कात्री, उकळलेला दोरा. मी फडकं धरून होते, अव्वाने नाळ बांधून कापली.

तेवढ्यात सासू मुठीत चुलीतली राख घेऊन आली. अव्वाने तिचं मनगट धरलं. दोघींचं तेलुगूत काहीतरी झालं. सासूचा आवाज चढला. अव्वाचा उतरत गेला आणि शेवटी तर मला ऐकूही येईना. सासूने मूठ उघडली, राख तिथेच जमिनीवर सांडली आणि ती रडत बाहेर गेली.

परतताना मी विचारलं, "तिला काय म्हणालात?"

"म्हणलं, माज्या पोरीची दोन माज्या हातानं गेली. तू तुजी नको घालवू."

मी रोज त्या घरी जायची. सातव्या दिवशी तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा गेले. दहाव्या दिवशी ती मुलगी आईच्या अंगावर पीत होती आणि मधेच थांबून हुंकार देत होती. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून इतकी रडले की यजमान शाळेतून आले तेव्हाही मला उठता येईना. ते जवळ येऊन बसले. आमच्या मुलाला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, त्याविषयी ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "त्याचे कान माझ्या वडिलांसारखे होते."

दिवाळीला माझी आई माढ्याहून आली. वर्गात काय शिकवतात, असं तिने कौतुकाने विचारलं. मी तिला हात धुण्याचं सांगितलं, कात्री उकळण्याचं सांगितलं आणि तिथे थांबले.

"पुढे सांग की," ती म्हणाली.

"पुढे काही विशेष नाही, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली करंजी मुरडत राहिली. तिला कळलं असावं असं मला आजही वाटतं. आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नाही. पण माढ्याला परत जाताना तिने कात्रीचा एक डबा मागून घेतला. आपल्याकडच्या सुईणीला देते, म्हणाली.

पुढे मंडळाचं काम वाढलं. नगरपालिकेने खोली दिली, पुण्याहून वर्षातून एकदा बाई येत राहिल्या, आमची बाळंतपणांची टाचणवही तपासत, नव्या गोष्टी सांगत. एका हिवाळ्यात वळसंगच्या एका शेतकरी घरातल्या बाईने निरोप धाडला, आमच्या गावातही वर्ग घ्या. बाई यायला तयार होत्या, पण ऐनवेळी आजारी पडल्या. त्यांनी पत्राने कळवलं, वर्ग रद्द करू नका, तुम्ही आणि अव्वा जा.

बैलगाडीने गेलो. तिथल्या सुईणी कानडी बोलणाऱ्या. अव्वाला कानडी येत नव्हतं आणि मला जेमतेम. ती बोलावणारी बाई दोन्ही भाषा जाणायची, ती मधे बसली. पहिल्याच दिवशी एकीने मला विचारलं, "मास्तरीण तुम्ही ना?" मी अव्वाकडे बोट दाखवलं. अव्वा लाजली. लाजलेली अव्वा मी तेवढी एकदाच पाहिली. मग तिने बाह्या वर सारल्या आणि पातेलं पुढे ओढलं.

पाच दिवसांनी परत निघालो. गाडीत कडब्यावर घोंगडी टाकली होती. अव्वा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. वाटेत एका विहिरीपाशी गाडीवानाने बैल सोडले आणि म्हणाला, "उतरा बाई, पाणी पिऊन घ्या." मी खांदा न हलवता त्याला हळूच सांगितलं, "तुम्ही प्या. आम्हाला अजून तहान नाही."