नाव ऱ्हाऊ द्या, खूण सांगा

"नाव ऱ्हाऊ द्या. आधी खूण सांगा."

समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तात्यांचा उजवा पंजा वर जायचा आणि हे वाक्य यायचं. समोरचा बिचारा घरापासून नाव घोकत आलेला असे. नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट. ते सगळं घशात अडकून तो खुळ्यासारखा बघत राही आणि मग मदतीसाठी माझ्याकडे वळे. मी टाइपरायटरमध्ये मान घालून बसत असे, कारण तात्यांच्या मधे बोलायची माझी छाती नव्हती.

तेव्हा मीही त्यांचं नाव सांगत बसत नाही. तात्या म्हणावं, तर आमच्या इंदापूर तालुक्यात नुसती हाळी दिली तरी घराघरातून एकेक तात्या ओ देईल. हे तात्या सणसरचे. सगळी नोकरी एका मोठ्या तुरुंगाच्या कचेरीत गेली. नवा कैदी आला की त्याची वहीत नोंद करायची, हे त्यांचं काम. रिटायर होऊन गावी आले, चार दिवस घरात बसून बघितलं, करमेना, आणि सकाळच्या एसटीनं इंदापूरला येऊन कोर्टासमोर बसायला लागले. तिथं माझं पत्र्याचं शेड होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकला टाइप करून द्यायचा माझा धंदा. एके दिवशी हे गृहस्थ सतरंजीची घडी घालून शेडच्या कोपऱ्यात बसले. विचारलं-बिचारलं नाही. ऊन सरकलं की उठतील म्हणून मी गप्प बसलो. नऊ वर्षं उठले नाहीत.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. कोर्टाकचेरीच्या दारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तुम्हीही ही माणसं बघितली असतील. कुणाच्या भावाला पोलीस घेऊन गेलेत, पण कुठल्या ठाण्यात ते माहीत नाही. कुणाचा बाप निर्दोष सुटला होता, पण तो कागद हरवलाय आणि आता पोराच्या नोकरीला तोच पाहिजे. आत गेलं की कारकून विचारणार, केस नंबर काय, साल कुठलं? आता साल लक्षात ठेवायला माणसं काय पंचांग घेऊन जन्माला येतात?

सुप्याचा एक माणूस असाच बापाचा निकाल शोधत बारामतीच्या कोर्टात हेलपाटे घालून दमला होता. कुणीतरी तात्यांचं सांगितलं म्हणून इंदापूरला आला.

"त्या साली घरात काय झालंतं?" तात्यांनी विचारलं.

"काय न्हाय. धाकटी भन जन्मली."

"आता कितवीला हाय?"

"सातवीत."

"तिचं जावळ काढलं तवा बाप मांडवात व्हता का आत?"

माणूस विचारात पडला. मग एकदम म्हणाला, "मांडवात व्हता. म्हंजे त्येच्याच आधल्या म्हैन्यात सुटलावता."

झालं. तात्यांनी साल, महिना चिठ्ठीवर लिहून दिला. बारामतीच्या रेकॉर्डच्या कारकुनाला दोनच बस्ते सोडावे लागले. दुसऱ्याच्याच धुळीत निकाल सापडला. तो माणूस पुढच्या आठवड्यात बोरं घेऊन आला. तात्यांनी निम्मी मला दिली आणि बिया माझ्या शेडमागं थुंकून ठेवल्या.

माझं त्यांचं पटायचं असं नाही. मी टाइप करत असलो की हे बशीतला चहा नेमका तेव्हाच फुरकायचे. वर म्हणायचे, "मास्तर, तुमचं यंत्र बोलतं लई. ऐकत न्हाय." मला राग यायचा. पण त्यांचं खरं होतं. माणूस सांगेल ते मी टाइप करी, त्याच्या पलीकडं कधी विचारलं नाही.

तुरुंगातला माणूस शोधायची त्यांची रीत वेगळी होती. पोस्टात तेव्हा जोडकार्ड मिळे. दोन कार्डं एकाला एक जोडलेली. एकावर आपण लिहायचं, दुसरं उत्तरासाठी कोरं, त्यावर आपलाच पत्ता घालून पाठवायचं. तात्या पहिल्यावर खुणा लिहीत. दुसऱ्यावर माझ्या शेडचा पत्ता घालीत आणि मागं एवढंच लिहीत: 'आहे / नाही. नको ते खोडावे.' म्हणत, "कारकुनाला लिवायला लावलं की कार्ड टेबलाखाली जातं. नुसतं खोडायचं आसलं तर हात आपसूक जातो. मी कारकूनच व्हतो की." प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर 'आपल्या जुन्या सहकाऱ्याचा नमस्कार' असे. त्या नमस्कारावर कुठकुठल्या तुरुंगांतून उत्तरं येत.

आमच्याच तालुक्यातल्या कळंबच्या आक्का आल्या, त्या दिवशी तात्या नेमके आले नव्हते. साठीची बाई, पायात टायरच्या चपला. मुलगा ट्रॅक्टरवर होता. मजूर टोळीबरोबर लांबच्या जिल्ह्यात गेला, तिथं मारामारी झाली, पोलिसांनी धरलं, शिक्षा झाली म्हणे. हे म्हणे सांगणारा माणूसही पुन्हा भेटला नाही. चार वर्षं पत्र नाही, निरोप नाही. भावकी म्हणत होती, गेला असंल, दिवस घालून मोकळं व्हा.

"मला दुसरं काय नगं, भाऊ," त्या म्हणाल्या. "सुनंनं कुंकू लावायचं का पुसायचं, तेवढं कागदावर बघून सांगा. ती मला रोज इचारती. मी रोज म्हंती, लाव. पर कुणाच्या जिवावर म्हंती, मलाच ठावं न्हाय."

मी पोराचं पूर्ण नाव घालून झकास अर्ज टाइप केला. स्वतःवर खूश होऊन तुरुंग खात्याला पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं: 'सदर नावाचा बंदी या अभिलेखात आढळून येत नाही.' आक्कांना ते वाचून दाखवलं आणि त्या भुईवरच बसल्या. पदर तोंडात धरला.

आज कोपऱ्यात असलेल्या तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, वाचला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण ते आक्कांच्या समोर उकिडवे बसले.

"आक्का, ह्यात त्यो न्हाय असं लिवल्यालं न्हाय. ह्या नावाचा न्हाय, असं लिवलंय. उठा. पोराची खूण सांगा."

"लेकराला कसली आली खूण? माझं लेकरू हाय त्ये."

"न्हाऊ घातलंय न्हवं तुमी? मग डोळं मिटा आन् न्हाऊ घाला."

आक्कांनी खरंच डोळे मिटले. मी टाइपरायटर थांबवला. त्यांचा हात हवेत पाठीवरून, खांद्यावरून फिरला आणि एका जागी थांबला. "डावा कोपर," त्या म्हणाल्या. "गुऱ्हाळावर काकवी सांडली व्हती. भाजलं तितं चामडी गोळा झाली. आन् उजव्या पायाच्या अंगठ्याला नख न्हाय." बोलता बोलता त्या रडायला लागल्या आणि तात्या लिहीत राहिले. आक्का डोळे पुसत त्यांच्या लिहित्या हाताकडं बघत होत्या.

त्या गेल्यावर मी विचारलं, "तात्या, हे खुणेचं तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

चहा आला, तो त्यांनी फुरकला नाही.

"नवा व्हतो नोकरीत," ते म्हणाले. "एक म्हातारी आली. पोराचं नाव सांगितलं. म्या वही बघितली, तिला म्हणलं, हितं न्हाय. ती म्हणली, नीट बघा. म्या म्हणलं, मला वाचता येतं, तुमाला येतं का? गेली. पुढच्या वर्षी कैद्यांच्या मोजणीत तिचं पोरगं सापडलं. मामाच्या घरी वाढल्यालं. आईचं नाव खराब हुयाला नको म्हणून पोलिसाला मामाचं आडनाव, मामाचं गाव सांगितल्यालं. ती म्हातारी उभी व्हती तवा त्यो भितीच्या पल्याड व्हता, मास्तर. म्या तिच्या गावाला गेलो. उशीर झाला व्हता."

आमच्याकडं हे नवं नाही. आजोळी वाढलेलं पोर मामाचंच नाव लावून मिरवतं आणि लाज वाटायची वेळ आली तर बापाचं घर झाकायलाही तेच नाव पुढं करतं. मला हे माहीत होतं. तरी इतकी वर्षं मी अर्जात नावच टाइप करत होतो.

तात्यांनी एकेका तुरुंगाला कार्डं सोडली. उत्तरं यायला लागली. 'आहे' खोडलेलं. पुन्हा 'आहे' खोडलेलं. प्रत्येक कार्ड ते आधी मनात दोनदा वाचत आणि मग आक्कांसमोरच मोठ्यानं, एकही लपवलं नाही. मी एकदा म्हटलं, कशाला जिवाला घोर लावता बाईच्या? तर माझ्यावर डाफरले, "नकार तिचा हाय. आपुन कोण ठिवून घेनार?" आणि आक्कांना म्हणाले, "हितं न्हाय म्हंजे पुढं असंल. मेला असं कुठं लिवलंय?" आक्का मान हलवीत आणि कळंबच्या गाडीला जात.

त्या हिवाळ्यात एका सकाळी सणसरची गाडी आली आणि तात्या उतरले नाहीत. कंडक्टरच खाली उतरून माझ्याकडं आला. पहाटे अंघोळीला पाणी तापत ठेवलं आणि चुलीपाशीच बसल्या बसल्या गेले, म्हणाला. मी शेड बंद करून त्याच गाडीनं गेलो. परत आलो तेव्हा सतरंजीची घडी कोपऱ्यात तशीच होती. ती उचलायचं धाडस मला झालं नाही. बशीचा फुरका ऐकू येत नव्हता, त्यामुळं माझ्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. नऊ वर्षं ज्या आवाजाचा वैताग आला, त्याच्याविना माझी बोटं चालेनात.

महिना-दीड महिना गेला असेल. पोस्टमननं एक कार्ड टाकलं. पत्ता तात्यांच्या अक्षरात. मेलेल्या माणसाचं पत्र आल्यासारखं मी ते धरून बसलो. मग उलटलं.

'नाही' खोडलेलं होतं.

खाली तुरुंगाचा शिक्का होता आणि कुणा कारकुनानं गरज नसतानाही दोन ओळी लिहिल्या होत्या. 'कोपराची व अंगठ्याची खूण जुळते. नाव मामाचे लावले आहे. प्रकृती ठीक. आईस भेटीस पाठवावे.'

मी तशीच मोपेड काढली आणि कळंब गाठलं. आक्का दारात शेंगा फोडत होत्या, सून पलीकडं बसली होती. तात्यांसारखं आधी मनात दोनदा वाचून मग मोठ्यानं वाचायचं मी ठरवलं होतं. आवाज पहिल्याच ओळीला फुटला. सून उठून आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग तिचं रडणं. आक्का मात्र बसूनच होत्या. कार्ड घेऊन त्यांनी ते पदरानं पुसलं. त्यावर धूळ काही नव्हती.

"तात्या का न्हाई आलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

आक्का बराच वेळ कार्डावरच्या पत्त्याकडं बघत बसल्या. अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुणाचं ते कळलं होतं.

"माझं लेकरू घावलं आन् तात्या हरवलं," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमी लिवणारं. त्यांचं कुठंतरी लिवून ठिवा."

"नाव लिहितो की," मी म्हटलं.

"नाव नगं. खूण लिवा."

नऊ वर्षं हाताच्या अंतरावर बसलेला माणूस. डोळ्यांसमोर टोपी आली, चष्मा आला, बशी आली. खूण येईना. खरं सांगतो, मला भयंकर लाज वाटली.

माझ्याकडं बघून आक्कांनी आपलं मधलं बोट पुढं केलं. "हितं खड्डा व्हता त्यांच्या. माझ्या लेकराचं लिवत व्हतं तवा मी त्येच बघत व्हते."

तर लिहून ठेवतो. राहणार सणसर. वय सत्तरीच्या आसपास. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पहिल्या पेरापाशी, टाक धरून धरून पडलेली खळी. खळीत निळी शाई मुरलेली.