चाकूरच्या कार्डावरून नाव कमी करताना

कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा वडिलांना मी फोनवर सांगितलं होतं, "अप्पा, नुसता कागद आहे हो. मी काय बदलणार आहे का?" ते "बरं" म्हणाले. चाकूरला पाऊस आहे का, असं काहीतरी मी विचारलं आणि विषय संपला. निदान माझ्यापुरता तरी संपला.

पुढे अप्पांची नजर कमी होत गेली. दुधाचं पातेलं दोनदा करपलं, एकदा पायरी चुकली. पुण्याला माझ्या भावाकडे जायला ते तयार नव्हते. माझी मुलगी तिकडे शाळेत, नवऱ्याची नोकरी अजून दोन वर्षं उरलेली. म्हणून मी एकटीच आले, निदान वर्षभर त्यांच्याजवळ राहायचं ठरवून.

मी कागदपत्रांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. घरचे त्याला खडूसपणा म्हणतात. आपण या देशाचे नागरिक नाही, तर तसं सगळीकडे सांगून टाकावं, उगाच कुठे नाव लोंबकळत ठेवू नये, असं माझं मत. आल्यावर तीन आठवडे चाकूरच्या घरात बस्तान बसवलं आणि मग फाइल काखेत मारून दोन दिवसांसाठी नांदेडला, सासरी गेले. आधार, मतदार यादी आणि रेशन कार्ड, अशी तीन कामं होती. आधारला रांग होती, पण काम झालं. मतदार यादीतून नाव वगळायचा अर्ज घेताना समोरचा माणूस म्हणाला, "लोक नाव टाका म्हणून भांडून राहिले, अन् तुम्ही काढा म्हणून आल्या!" मला हसू आलं. तिथवर सगळं सुरळीत होतं.

घोड्यानं पेंड खाल्ली ती रेशनच्या पुरवठा शाखेत. सासरचं कार्ड पुढे करून मी म्हटलं, "यातून माझं नाव कमी करायचंय." बाईंनी कार्ड पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये आधारचा नंबर टाकला आणि म्हणाल्या, "ताई, या कार्डावर तुमचं नाव कधी चढलंच नाही. चाकूर तालुक्यात दिसतंय, लातूर जिल्हा. कुटुंबप्रमुखाशी नातं, मुलगी."

मला आधी काही उमजेना, मग एकदम सगळं आठवलं.

आमच्याकडे मुलीचं लग्न झालं की बाप तहसीलात जातो, तिचं नाव आपल्या कार्डातून कमी करतो आणि तसा दाखला घेतो. तो दाखला दाखवल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. मांडव उतरल्यावर करायच्या कामांतलंच हे एक. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी प्रत्येक सणाला तो दाखला मागायच्या. अप्पा दरवेळी म्हणायचे, "आणतो, पुढच्या खेपेला आणतो." कधी साहेब रजेवर, कधी शिक्का नाही, कधी कार्ड सापडत नाही. "तुमच्या घरी तुला ठिवायचंय का पाठवायचंय, ते तरी सांगा म्हणावं," असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या आणि मी मोरीत जाऊन रडले होते. मग आम्ही परदेशी गेलो. दाखला कधीतरी दिला असेल, असं मी धरून चालले. मधे एकदा अप्पांनी फोनवर माझा आधारचा नंबर मागितला होता. तोही मी सांगून टाकला, कशाला म्हणून विचारलं नाही.

म्हणजे सतरा वर्षं मी चाकूरलाच होते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं परत निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि माझा राग काही उतरेना. या एका दाखल्यापायी मी ऐकलेले टोमणे एकेक करून आठवत होते. अप्पांना कार्डाचं नंतर विचारायचं, आधी जेवायचं, असं बसमध्ये पक्कं ठरवलं होतं. चप्पल काढता काढताच विचारलं.

अप्पांनी लपवाछपवी केली नाही. कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतलं पांढरं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. एकूण चार नावं होती. आईचं नाव, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, ती गेल्यावर भावानं कमी करून घेतलं होतं. भावानं पुण्याला स्वतःचं वेगळं कार्ड काढलं, तेव्हा त्याचंही गेलं. दोन नावांवर तांबड्या रेघा. उरलेलं पहिलं नाव अप्पांचं आणि शेवटचं माझं, माहेरच्या आडनावानं.

"ह्या कार्डावर एक दाणा मिळत न्हाई," अप्पा म्हणाले. "पांढरं हाय. कुणाचं काय खातंय ते?"

"प्रश्न दाण्याचा नाही, अप्पा. मी आता इथली नागरिक नाही. माझं नाव यात ठेवणं बेकायदा आहे."

"तवा तर म्हणालीस, नुसता कागद हाय."

यावर मी आवाज चढवला. मी म्हणाले, "लग्न झाल्या झाल्या दाखला दिला असता, तर मला सासरी इतकं ऐकून घ्यावं लागलं नसतं. तुम्हाला काय, तुम्ही कार्ड कपाटात ठेवून मोकळे!" हे बोलले आणि तिथेच जीभ चावली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कार्ड उचलून पुन्हा पिशवीत घातलं.

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, बाजारपेठेत. लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकायचं काम ते स्वतः करायचे. आधी छिन्नीनं, पुढे मशीननं. हंडा, परात, ताटं, वाट्या, सगळ्यांवर मुलीचं नाव आणि खाली देणाऱ्याचं, "यांजकडून सप्रेम भेट". अर्ध्या तालुक्याच्या स्वयंपाकघरात त्यांचं अक्षर आहे. पण भाऊ भाऊ वेगळे झाले आणि कुणी परात घेऊन आलं, "यावरचं याचं नाव काढून द्या," म्हणालं, तर अप्पा ती परत द्यायचे. गिऱ्हाईक चिडलं तरी द्यायचे.

रात्री जेवायला बसलो. ताट सरकवताना अप्पा बोलले. "भांड्यावरचं नाव काढाया ते घासावं लागतंय. पार पातळ हुतंय भांडं. पुन्ना चुलीवर टिकत न्हाई. म्हणून म्या ते काम कदी केलंच न्हाई." मग म्हणाले, "तुज्या लग्नाच्या टायमाला तहसीलात तीनदा गेलतो. दारातून माघारी आलो. अव्वा म्हणली, ऱ्हाऊ द्या, काय घाई हाय. मलाबी तेच पायजे हुतं."

मला वाटलं होतं विसरभोळेपणा असेल, आळस असेल. तसं असतं तर भांडायला बरं पडलं असतं. तरीही मी माझा हेका सोडला नाही, हे इथे लिहून ठेवते. मी म्हणाले, "उद्या जाऊन येऊ."

सकाळी दहाला ते टोपी घालून, कार्डाची पिशवी छातीशी धरून ओट्यावर तयार बसले होते. तहसीलात गर्दी नव्हती. पुरवठ्याचा कारकून पोरसवदा होता. त्याच्या आईच्या भांड्यांवर अप्पांनीच नाव टाकलेलं निघालं. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, अर्ज पुढे केला आणि विचारलं, "काका, कारण काय लिहू? मयत, विवाह, स्थलांतर?"

"लगीन," अप्पा लगेच म्हणाले. "लगीन झालंय तिचं. ते काम ऱ्हायलं हुतं, तेच कराया आलोय."

कारकून लिहायला लागला. मी तिथे गप्प बसले असते तर चाललं असतं. विवाह काही खोटा नव्हता. सतरा वर्षं जे कारण त्यांना सोसलं नव्हतं, तेच ते आता स्वतः होऊन देत होते, कारण मी इथली उरले नाही, हे दुसरं कारण त्यांना त्याहूनही जड जात होतं. मला हे तेव्हाही कळत होतं. आणि तरी मी फाइल उघडली, परदेशी पासपोर्टची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खरं कारण हे आहे. हेच लिहा."

कारकुनानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून म्हणाले, "ती म्हणंल तसं लिवा."

त्यानं "परदेशी नागरिकत्व स्वीकारल्याने" असं लिहून अर्ज अप्पांकडे फिरवला. सही कुठे करायची ते दिसेना, म्हणून मीच त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. त्यांनी सावकाश, वळणदार सही केली. माझ्या नावावरून तांबडी रेघ गेली, मग शिक्का बसला. चार नावांच्या कार्डावर आता एकच नाव शाबूत राहिलं.

कॉम्प्युटरकडे बघत कारकुनानं सहज विचारलं, "म्हणजे एकूण सदस्य एक. काका, घरात अजून कोण राहतंय का तुमच्याबरोबर? असलं तर आत्ताच लावून टाकू."

मी अप्पांच्या चष्म्याची डबी हातात धरून त्यांच्या खुर्चीला खेटून बसले होते.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "म्या एकलाच हाय."

ते रागानं बोलले नाहीत. टोमणाही नव्हता. मी सांगितलेला कायदा त्यांनी नीट ऐकला होता आणि माझ्या कागदाला धक्का लागू नये म्हणून ते तसं म्हणाले. मी आहे की, मी राहते यांच्याबरोबर, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडलं नाही. कारकुनानं एक आकडा टाकला आणि बटण दाबलं.