आत्यानं वेज निवडली तेव्हा

माझी आत्या लांबचा फटका मारू शकत नाही. उंची कमी, वय सत्तरीच्या पुढे, आणि उजवा खांदा एकदा निखळलेला. तरीही ग्वाल्हेरजवळ मुरारच्या छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर तरणे अफसर तिच्याशी खेळायला बिचकतात. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जवळ आलं की तिचा खरा खेळ सुरू होतो. "तुम्ही लोक व्हा पुढे, मी येतेच मागून," असं म्हणते आणि मागून येऊन बॉल झेंड्याच्या पायाशी नेऊन ठेवते. हे सगळं ती वेजनं करते. वेज म्हणजे जवळच्या फटक्यांची, मागे कललेल्या तोंडाची काठी. बॉल उंच उचलायचा आणि पडेल तिथेच थांबवायचा, एवढंच तिचं काम.

तिचे यजमान, आमचे काका, फौजेत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आत्या निरनिराळ्या छावण्यांत गोल्फ शिकली आणि तिथल्या तिथल्या शाळांतून फिजिक्स शिकवत राहिली. काका गेल्यावर ती ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीत, परत आली. मी दातांची डॉक्टर. दवाखाना पाटणकर बाजाराच्या तोंडाशी आहे. रविवारी सकाळी मी तिला गाडीतून मैदानावर नेते. मला हा खेळ तिनंच लावला.

गेल्या हिवाळ्यात तिचे बॉल थांबेनासे झाले. ग्रीनवर पडायचे आणि घरंगळत पलीकडे जायचे. आत्या कधी गवताला दोष द्यायची, कधी दवाला. एकदा खेळून झाल्यावर म्हणाली, "हातात आता काही कळतच नाही गं. बॉल नीट लागला की नाही, हेसुद्धा नाही."

तिची वेज मी दवाखान्यात नेली आणि ज्या भिंगातून रोज दात बघते त्याखाली धरली. तोंडावरच्या आडव्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या दाढा होतात तशा. बॉलला पकड मिळणार कुठून? नवी वेज घ्यायची ठरली.

ग्वाल्हेरला असलं दुकान नाही, म्हणून सकाळच्या गाडीनं दिल्लीला गेलो. दुकानदार उत्साही होता. "माताजी, फोर्ज्ड ही लीजिए. फोर्ज्ड का फील ही अलग है. मक्खन!"

"मक्खन क्यों?" आत्यानं विचारलं.

तो जरा गडबडला. मग त्यानं सांगितलं, की फोर्ज्ड म्हणजे लालबुंद तापवलेलं नरम पोलाद घणाखाली दाबून घडवलेली वेज. दुसरी वितळलेलं पोलाद साच्यात ओतून केलेली. ओतकामाची मला रोजची ओळख, कारण दातांवरच्या धातूच्या टोप्या वर्षानुवर्षं तशाच होत आल्या. पण तळहाताला घडवलेलं आणि ओतलेलं यातला फरक कळू शकतो, हे मला खरं वाटेना. आत्यालाही वाटेना. तिथल्या गालिच्यावर तिनं चार फटके जाळीत मारले आणि काठी खाली ठेवली.

"गालिच्यावर तर सगळ्याच चांगल्या," ती मला म्हणाली. "आपल्या जमिनीवर बघायला पाहिजे."

दुकानदारानं दोन्ही जातींची एकेक वेज आठवडाभर वापरून बघायला दिली. दोघींच्या तोंडाचा कोन सारखा होता.

पुढच्या रविवारी आम्ही उजाडताच मैदानाच्या कडेला सरावाच्या जागी गेलो. आत्यानं प्रयोग आखला होता. दोन्ही वेजांच्या पाठीवर मी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली, म्हणजे नाव-खुणा दिसायला नकोत. मी मनाला येईल ती काठी द्यायची, तिनं मान वर करून झेंड्याकडे बघतच ती घ्यायची, फटका मारायचा आणि कोणती ते सांगायचं.

ती चुकत होती. कधी बरोबर, कधी साफ उलट, नुसता अंदाज. होता होता तिचा चेहरा उतरला. "हात गेले माझे," ती म्हणाली. "पहिले मला काठी न बघता कळायची. आता छोडून द्यावं हे सगळं."

तेवढ्यात माझ्या खिशातला तिचा फोन वाजला. बंगलोरहून तिच्या मुलीचा होता. "आत्या, फोन!" मी म्हणाले. तिनं मागे बघितलं नाही. मी अगदी पाठीशी उभी होते. पुन्हा, मोठ्यानं हाक मारली. ती शांतपणे झेंड्याकडे बघत राहिली. तिला ऐकू कमी येतं हे आम्हाला माहीत होतं. "थोडंसंच" असं ती सांगायची. ते थोडंसं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. खांद्याला हात लावल्यावर ती वळली. तिनं पर्समधून कानाची यंत्रं काढून कानात घातली आणि मुलीशी बोलली. खेळताना ती यंत्रं काढूनच ठेवायची, कारण हवा सुटली की ती कानात घोंघावतात.

फोन ठेवून ती परत उभी राहिली. मी काठी दिली. फटका मारला आणि ती थबकली.

"ही घडवलेली."

बरोबर होतं. दुसरी दिली. "ही ओतलेली." तेही बरोबर. मी तीच पुन्हा दिली. "अगं, तीच आहे, फसवतेस काय!" एकदाही चुकली नाही. मला काय झालं ते समजेना. मग तिच्या कानाकडे लक्ष गेलं.

"आत्या, यंत्रं कानातच राहिलीत."

तिनं हात कानाला लावला. मग एकदम तिच्यातली मास्तरीण जागी झाली. यंत्रं काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा खेळली. पुन्हा चुका. मग मला म्हणाली, "आता तू. कापूस आहे न तुझ्याकडे?" मी कानांत कापूस कोंबला, वरून तिची शाल गुंडाळली. त्याआधी मोकळ्या कानांनी मारून बघताना मला घडवलेलीचा भरीव, बुटका आवाज आणि ओतलेलीचा जरासा खणखणीत आवाज वेगळा कळत होता. तो फरक हातातच आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. कान बंद झाल्यावर तो हातातूनही गेला.

आत्या गवतावर मांडी घालून बसली. "म्हणजे इतकी वर्षं मी कानांनी खेळत होते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. "मला वाटलं, हात म्हातारे झाले. हात तर ठीक आहेत, बघ!"

वेज मात्र अजून निवडायचीच होती. आवाज गोड म्हणून घेणं तिला पटेना. आम्ही गवत उडालेल्या, उन्हानं भाजलेल्या कडक पट्टीवर गेलो. ओतलेल्या वेजचा तळ रुंद आणि फुगीर होता. तो जमिनीवर आपटून उसळायचा आणि काठीची धार बॉलच्या पोटात बसायची. बॉल सुसाट पार पलीकडे. मग आम्ही बंकरमध्ये, मैदानातल्या रेतीच्या खड्ड्यात, उतरलो. तिथे मऊ रेतीत तोच रुंद तळ छान चालला. घडवलेल्या वेजचा तळ अरुंद होता, दांड्याकडची टाच तासलेली. ती कडक जमिनीवरून अलगद सरकायची.

"हा ओतण्याचा दोष नाही, तळाचा आहे," आत्या म्हणाली. "आणि आपल्याकडे रेती कमी, पत्थर जास्त."

आणखी एक गोष्ट मी पाहिली. तिच्या उंचीमुळे दोन्ही काठ्यांची पुढची टोकं जमिनीपासून वर उचललेली राहत होती, त्यामुळे बॉल डावीकडे जायचा. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, फोर्ज्डचं पोलाद नरम आहे, गळ्याशी, दांडा बसतो तिथे, वाकवून माताजींच्या उंचीला बसवून देतो. दुसरीचं फार कडक आहे, वाकवताना मोडेल. आत्या खूश झाली. "हे बघ, हे झालं कारण. मक्खन-बिक्खन नाही."

घडवलेली वेज वाकवून आली. दरम्यान आत्या मला घेऊन कानांच्या दवाखान्यात गेली, जुनी वेज आणि बॉल बरोबर घेऊन. तिथल्या मुलीला तिनं व्हरांड्यात बॉल काठीवर टप टप उडवून दाखवला आणि म्हणाली, "बेटा, मुझे ये सुनना है, और हवा नहीं सुननी." त्या मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हसत हसत यंत्रं संगणकाला जोडली. घोंघावणं पूर्ण गेलं नाही, पण पुष्कळ कमी झालं.

मार्चमधल्या स्पर्धेत आत्या जिंकली नाही. शेवटच्या ग्रीनवर तिनं सोपा पट, म्हणजे बॉल भोकात ढकलायचा हलका फटका, चुकवला. त्याआधी मात्र कडक पट्टीवरून मारलेला तिचा बॉल झेंड्यापाशी पडून जागच्या जागी थांबला होता, आणि एका तरुण मेजरनं टोपी काढली होती. परतताना आम्ही मुरारला गाडी थांबवून बेडई, डाळ भरलेली पुरी, खाल्ली. द्रोणातला शेवटचा घास संपवून आत्या माझ्याकडे वळली.

"ऐक न," ती म्हणाली, "मऊ बॉल आणि कडक बॉल, यांचा आवाजही वेगळा असेल न? येत्या रविवारी बघू या."