कच्च्या केळ्यातले स्क्रू

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे ते नाना मूळचे चोपड्याकडचे, पण दुकान जळगावात. कुठलंही यंत्र उघडलं की त्याचे स्क्रू ते एका कच्च्या केळ्यात ओळीने खोचून ठेवत, म्हणजे परत लावताना क्रम चुकत नसे.

मेव्हण्याने मस्कतहून आणलेला व्हिडिओ गेम आमच्या रंगीत टीव्हीवरही ब्लॅक अँड व्हाइट दिसायचा. रंग यायला गेमच्या आत एक पार्ट बसवायचा होता, मुगाच्या डाळीएवढा. नानांच्या सोल्डरिंगचं टोकच त्याहून जाड! तीनदा तो निसटला.

"जवाईनागत काय रुसी बठना रे?" नाना त्या पार्टलाच विचारत होते.

चौथ्यांदा चिकटला. झाकण लागलं आणि पडद्यावर हिरवीगार झाडं आली. मी तर टाळीच वाजवली. नाना मात्र केळ्याकडे बघत होते. त्यात एक स्क्रू उरला होता.

"राहू द्या नाना, चालतोय ना."

"चालस भाऊ, पन पुरा नई शे."

त्या स्क्रूची जागा नेमकी नव्या पार्टखाली निघाली. एवढ्या मिनतवारीने बसवलेला पार्ट नानांनी शांतपणे काढला, स्क्रू पिळला आणि पार्ट जरा बाजूला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तोवर जेवणाची वेळ झाली. डब्यातली केळ्याची भाजी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"खा भाऊ. हाई कालना टीव्हीनं केळं शे."

दुसऱ्या कोणाच्या डब्यातली असती, तर मी एकेक घास जपून चावला असता. नानांची भाजी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.