हरिदास वाढईची बग्गी

धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात हरिदास वाढई राहतो. आसपासच्या निम्म्या बैलगाड्या त्याच्या हातच्या. पुढे ट्रॅक्टर आले, गाड्यांची मागणी आटली, आणि त्याच्या रिकाम्या हातात लेकीने, ज्योत्स्नाने, मोबाइल ठेवला. झालं, माणूस कामातून गेला!

एका दुपारी त्याला कुठल्याशा परदेशी संग्रहालयाचं पान सापडलं. नुसत्या घोडागाड्याच! बोट फिरवलं की गाडी फिरायची, खालच्या स्प्रिंगच्या कमानी दिसायच्या. बटण दाबलं की इंग्रजी मजकूर मराठीत यायचा, तोही असा वेडावाकडा की जीभ अडखळावी. पण हरिदासने एक अक्षर सोडलं नाही. तिथून जुन्या फोटोंचा साठा सापडला, मग चाकं घडवणाऱ्या एका गोऱ्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायची रीत तिकडेही तीच! हरिदासला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. चहाच्या टपरीवर तो राजेराण्यांच्या बग्ग्यांच्या गोष्टी सांगू लागला आणि लोक अर्धा चहा टाकून उठू लागले.

त्याच भरात तो एकदा टपरीवाल्या लच्छूसमोर बोलून गेला, "यंदा मंडईले शकूले बग्गीत बसवून नेतो. घोड्याच्या!"

शकुबाई म्हणजे त्याची बायको, आणि मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता बग्गी झाली नाही तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

पावसाळाभर हरिदास खपला. सागवानी सांगाडा, जीपच्या भंगारातल्या कमानी, दोन्हीकडे कंदील, लाल गादी. बग्गी खरोखर देखणी झाली.

मंडईच्या सकाळी गडचिरोलीहून रोशन आपला वरातीचा पांढरा घोडा घेऊन आला. बग्गीभोवती एक चक्कर मारून त्याने डोकं खाजवलं.

"भाऊ, घोडा जुपू कुठी? हे तर जोडीची गाडी हाये."

हरिदासने वाकून दांडी पाहिली. संग्रहालयात गाड्या होत्या, घोडे नव्हते. मधोमध लांब दांडी दिसली, तशी त्याने केली; आणि दांडी म्हटलं की टोकाला जू, या सवयीने तेही बसवून टाकलं. अशा दांडीला दोन्ही बाजूंना एकेक घोडा लागतो; त्याने मात्र एकच सांगितला होता. जमलेलं गाव खदखदून हसलं. लच्छू तर पोट धरून खालीच बसला.

नवं लुगडं नेसून शकुबाई दारात उभी होती. "हासता काय जी? जू हाये ना? बैल जुपा."

"बैल? बग्गीले?" हरिदास कळवळला. "शकू, इतिहासात असं कुठीच नाई!"

"मले काय इतिहासात जाचं हाये? मंडईले जाचं हाये."

लच्छूनेच मग आपली शंकरपटाच्या शर्यतीत पळणारी बैलजोडी आणून जुपली. बग्गी डुलत निघाली. रोशन घोड्यावर बसून वऱ्हाड्यासारखा मागून आला.

पुढे बसून हाकणाऱ्या हरिदासची मान खालीच होती. "शकू, घोड्याचं राह्यलंच."

शकुबाई गादीवरून हात फिरवत होती. "गावातल्या साऱ्या सुना तुमच्या हातच्या गाडीत बसून आल्या. आपल्या घरी कधी गाडीच नव्हती. मी आजच बसली."

हरिदासने मान वर केली. मंडईचा ढोल जवळच वाजत होता, लोक वाट बघत होते. त्याने कासरा ओढला आणि बैल तलावाकडच्या लांबच्या रस्त्याला वळवले.