तांब्याचं यंत्र आणि मोडलेली डोलकाठी

मारुतीवर मी आयुष्यात एकदाच चिडले. नुसती चिडले नाही, तोंडाला येईल ते बोलले, तेही भर गल्लीत, नवरात्रातल्या अष्टमीला. ज्याच्यापुढे रोज हात जोडते त्यालाच मी म्हणाले, "तू झोपला होतास काय?" त्याचं उत्तर मला लगेच मिळालं, आणि त्या उत्तराचा धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी तंजावूरची. राजवाड्यामागच्या गल्लीत आम्हां मराठी लोकांची घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या इथलीच. आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं आधी हसतात, मग विचारतात, हे कुठलं हो? वाचायला-लिहायला मला माझ्या वडिलांनी, अप्पांनी शिकवलं. माझ्या लेकीला, जानकीला, बोललेलं अस्की, म्हणजे सगळं, कळतं, पण उत्तर येतं ते अर्धं तमिळमध्ये. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आणि या पोरीला वेड कसलं लागावं, तर समुद्राचं! पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे किनाऱ्यावरच्या एका गावात तिची छोटी शिडाची होडी असते. नोकरीत सुट्टी मिळाली की ही तिकडे पळते.

मला पाण्याची भयंकर भीती. तिरुवैयारूला कावेरीतसुद्धा मी गुडघ्याच्या पुढे कधी गेले नाही. जानकीने होडी घेतली तेव्हा रडले, रागावले, शेवटी हरले. मग मी माझा उपाय केला. ओळखीच्या कारागिराकडून तांब्याच्या पत्र्यावर मारुतीचं यंत्र ठोकून घेतलं, शनिवारी देवळात नेऊन त्याला शेंदूर लावला, आणि शीड जिच्यावर चढतं त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठीला कमरेएवढ्या उंचीवर तांब्याच्या तारेने स्वतःच्या हाताने करकचून बांधलं. "हे सोडायचं नाही, माझी शपथ आहे," असं बजावलं. तारेने शीड फाटू नये म्हणून जानकीने त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि शपथ पाळली. त्यानंतर मी जरा निवांत झोपायला लागले.

गेल्या वर्षी तिने ठरवलं की आमच्याकडचे दिवाळीतले पावसाळी वारे सुरू व्हायच्या आत, दसरा झाला की लगेच, एकटीने होडी घेऊन रामेश्वरला जायचं. नको म्हणून ऐकणारी ती नव्हे. मी एवढंच मागितलं की खंडेनवमीला डोलकाठी घरी आण. त्या दिवशी आमच्याकडे अवजारं पुजतात, इथले सगळेच लोक आयुधपूजा करतात. शिवणयंत्र, विळी, सायकल पुजायची, तर ज्याच्या भरवशावर माझी पोर समुद्रात जाणार त्याची पूजा नको? जानकी कपाळावर हात मारून हसली. "अम्मा, तू म्हणजे ना!" म्हणाली, पण अष्टमीला दुपारी टेम्पोवर बांधून घेऊन आली.

एवढी लांब काठी घरात मावेना. आम्ही ती ओसरीवर आडवी ठेवली, टोक गल्लीत बाहेर आलेलं. मी त्याला बांधायला लाल फडकं आणायला आत गेले. तेवढ्यात ब्रेक करकचल्याचा आवाज झाला, मग एक कडाड! धावत बाहेर आले तर एक माणूस मोपेडसकट आडवा पडलेला, त्याच्या गाडीचं मडगार्ड चेपलेलं, आणि डोलकाठीचे दोन तुकडे. मोडली कुठे? नेमकी यंत्रापाशी.

मी फटकळ बाई. त्या माणसाला खरचटलंय का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. "डोळे फुटले काय तुझे? माझ्या पोरीचा जीव आहे त्या काठीवर!" असं मी तमिळमध्ये ओरडत सुटले. तो बिचारा उठला, हात जोडून "मन्निच्चिडुंगम्मा" म्हणत राहिला, चूक पोटात घाला म्हणत. त्याचं ऐकतंय कोण! आणि मग देवळाच्या दिशेला तोंड करून मी मारुतीला ते वाक्य बोलले. तुझं यंत्र बांधलं होतं ना मी? तुझ्या छातीवरच काठी मोडली, आणि तू झोपला होतास काय?

"अम्मा, गप्प बस," जानकी म्हणाली. तिचा आवाज असा काही झाला होता की मी खरंच गप्प झाले. ती मोडलेल्या जागेवरची काळी चिकटपट्टी सोलत होती. "इकडे ये. हे बघ."

आत धातू राहिलाच नव्हता. ओलसर पांढरी भुकटी होती, आणि तारेच्या प्रत्येक वेढ्याखाली खाच पडलेली. यंत्र उचललं तर त्याच्या आकाराचा खड्डा, त्यात आरपार भोकं. उरलेला पत्रा भाजलेल्या पापडासारखा. जानकीने बोटाने दाबला तसा तो मोडून खाली पडला.

मी ओसरीवर बसले. भुकटी कसली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. दरवर्षी मिठाच्या पाण्यात दोन पट्ट्या बुडवून मी मुलांना हे दाखवायची, आणि ज्याला समजलं नाही त्याला बाकावर उभा करायची. तीच मी माझ्या हाताने, देवाचं नाव घेऊन, लेकीच्या काठीला तांबं बांधून बसले होते. चिकटपट्टीखाली समुद्राचं पाणी साठून राहत होतं आणि माझं यंत्र काठी खात होतं. यंत्र बांधताना मला रसायनशास्त्र आठवलंच नाही. देवाच्या वस्तूला कसलं आलंय रसायनशास्त्र!

ही काठी आता मोडली नसती तर कुठे मोडली असती? भर समुद्रात, वारा सुटलेला, आणि माझी पोर एकटी. भान आल्यावर त्या माणसाला बघायला मान वळवली, तर तो निघून गेला होता. ज्याने माझ्या लेकीला वाचवलं त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

जानकीने मोडलेल्या कडा निरखून सांगितलं की खराब भाग कापून टाकायचा आणि आत घट्ट बसेल असा दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा नळ घालून रिव्हेट मारायचे. काठी वीतभर आखूड होईल, पण चालेल. असा नळ मात्र हवा. ती संध्याकाळभर दुकानं फिरून रिकाम्या हाताने परत आली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे अवजारं पूजेत. दसऱ्याची आरती होईपर्यंत गावात कुणी करवतीला हात लावणार नाही. गोष्ट हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि त्या रात्री करण्यासारखं काही नव्हतंच. मी तुटक्या काठीचे दोन तुकडे देवापुढे ठेवले. मागायलाही तोंड नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी दारात मोपेड थांबली. तोच माणूस, कोपराला पट्टी बांधलेली. काल लाजेने निघून गेला, पण घरी जेवण गेलं नाही म्हणाला. त्याचं नाव सेल्वम. लग्नाचे मांडव भाड्याने द्यायचं त्याचं काम. मागे मांडवाचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा नळ बांधून आणला होता. "अम्मा, तुमच्या कामाचा आहे की नाही मला कळत नाही. घरात होता, घेऊन आलो." जानकीने तो काठीच्या तोंडाशी धरला आणि माझ्याकडे बघतच राहिली. थोडी कानस मारली की बसेल असा होता. मला रडू आवरेना. मी त्याची माफी मागितली, तर तो उलट माझ्याच पाया पडायला लागला.

पूजेला मी तो नळ डोलकाठीच्या शेजारी ठेवला. मग बाहेर जाऊन सेल्वमच्या मोपेडला गंध लावलं, चेपलेल्या मडगार्डवर कुंकू लावलं, आणि डोलकाठीसाठी आणलेला झेंडूचा हार तिलाच घातला. शेजारणी बघत होत्या, बघू देत! सेल्वम पोटभर जेवून गेला.

दसऱ्याला आरती झाली आणि जानकीने करवत उचलली. मी काठी धरून बसले. तिने सडलेला तुकडा कापला, पांढरी भुकटी घासून काढली, नळ कानसून आत ठोकला आणि रिव्हेट मारले, तेही अ‍ॅल्युमिनियमचेच. "पोलादाचे नकोत, बाई," असं मी चार वेळा म्हटलं. "होय टीचर," ती म्हणाली.

किनाऱ्यावर डोलकाठी उभी केली तेव्हा माझा हात सवयीने यंत्राच्या जागी गेला. तिथे रिव्हेटची डोकी होती, बाकी काही नाही. "अम्मा, बांधायचं काय काही?" जानकीने हळूच विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. इतकी वर्षं मी मारुतीला बांधून ठेवून पहाऱ्याला बसवत होते, आणि तो बिचारा कसा बांधलेला राहील! "जा," म्हटलं, "तो येईल बरोबर." होडी दिसेनाशी झाली तरी मी वाळूत उभी होते.

तिचा फोन आला तेव्हा मी देवळाच्या पायरीवर होते. "अम्मा, पोचले. एकदा वारा फार जोरात आला, पण काठी हलली नाही." मी सगळ्यात आधी सेल्वमला फोन केला. तो फोनवरच रडायला लागला.

यंत्र आता आमच्या देव्हाऱ्यात आहे, कोरडं. सेल्वमच्या गाडीचं मडगार्ड दुरुस्त करून देते म्हटलं, तर तो नको म्हणाला. शनिवारी तोही देवळात येतो. ती चेपकी मोपेड बाहेर उभी दिसली की मी आधी तिला नमस्कार करते, मग आत जाते.