गाणी थांबली की स्टोव्ह बंद

झुंबरबाई सुरवाडे नर्स होऊन आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आली ती ९ जून १९८६ रोजी. गाव जामनेर तालुक्यातलं. माझे यजमान तिथल्या दवाखान्यात औषधं देत, आणि मी रोजचं बारीकसारीक वहीत टिपून ठेवायचे. झुंबरबाई उंच, सावळी, मोठ्या आवाजाची होती. पाळणा लांबवण्यासाठी बायकांना तांबी बसवून घ्यायला राजी करणं हे तिचं मुख्य काम.

"तांबी छातीत चढते म्हणे, बाई?" एकीनं विचारलं.

"तुझा नवरा सांगितल्या जागी बसत नसेल, माझी तांबी बसते."

तांबी पाकिटातून निर्जंतुक येई, पण चिमटे वगैरे हत्यारं वीस मिनिटं उकळावी लागत. हात धुतल्यावर मनगटावर घड्याळ नको, असा झुंबरबाईचा नियम होता. म्हणून वेळ ती रेडिओवर धरायची. सकाळचा गाण्यांचा कार्यक्रम बरोबर वीस मिनिटांचा. तो सुरू होताना पाणी उकळतं ठेवायचं आणि गाणी थांबली की स्टोव्ह बंद करायचा. दीड वर्ष हे सुरळीत चाललं.

२२ जानेवारी १९८८ ला यशोदाबाई तापानं कुडकुडत दवाखान्यात आली. ओटीपोट दुखत होतं, अंगावरून घाण वासाचं जात होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तांबी बसवताना गर्भाशयात जंतू गेलेत. त्यांनी तांबी काढली, औषध सुरू केलं.

झुंबरबाई रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, हिला तेरा तारखेला तांबी बसवली. त्या दिवशी काय झालं, तुमच्या वहीत बघा."

मी वही उघडली. 'बुधवार. रेडिओवर दोनच गाणी, मग क्रिकेटचं समालोचन.'

ती ओट्यावर बसली. त्या सकाळी तांबी बसवायला आलेली दुसरी बाई, द्रौपदाबाई, घाबरून रडत होती. तिला हसवण्याच्या नादात झुंबरबाईनं गाणी थांबल्यावर सवयीनं स्टोव्ह बंद केला होता. हत्यारं उकळली जेमतेम आठ मिनिटं.

तिनं स्वतःच जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "यशोदाबाईला आधीपासूनही संसर्ग असू शकतो, नक्की सांगता येत नाही. पण द्रौपदाबाईला लगेच तपासायला हवं. उशीर झाला तर नळ्या खराब होतील, पुढे मूल राहणार नाही."

द्रौपदाबाईला एकच मुलगी होती. तांबीचं सासूला, रुक्माबाईला, ठाऊक नव्हतं.

"मी घरी गेले तर म्हातारी विचारेल, नर्स कशाला आली," झुंबरबाई म्हणाली.

रथसप्तमीला तीन दिवस होते. मी कुंकवाचा करंडा घेतला आणि रुक्माबाईच्या दारी गेले. "उद्या सकाळी हळदीकुंकवाला सुनेला पाठवा."

"मी बी येते," रुक्माबाई म्हणाली. "वाण काय हाये?"

"स्टीलची गाळणी."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. द्रौपदाबाईच्या कपाळाला बोट लागताच मला चटका बसला. झुंबरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सासूला बाजूला काढायचं आमचं ठरलं होतं.

"आजी, चला, तुमचं ब्लडप्रेशर बघते."

"माह्यं काय पाह्यतं वो? तिले पाह्य. रातभर कन्हते अन् मले म्हनते डोकं दुखते." रुक्माबाईनं गाळणी पिशवीत टाकली. "तांबी बसोली ना इनं? मले सांगतली असती तं मी संगं आली असती. माह्यी सहा बायंतपनं झाली. मी काय नको म्हनली असती?"

द्रौपदाबाई सासूचा हात धरून उठली.

दवाखाना वीस पावलांवर होता. संसर्ग सुरू झाला होता, पण फार पसरला नव्हता. तांबी निघाली, चौदा दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या. त्या रुक्माबाईनं आपल्या चंचीत तंबाखूच्या शेजारच्या कप्प्यात ठेवल्या, आणि सून भाकरीचा शेवटचा तुकडा गिळेपर्यंत समोर बसून मगच एकेक तिच्या हातावर ठेवली. यशोदाबाईही आठवड्याभरात शेतावर जाऊ लागली.

६ फेब्रुवारीला द्रौपदाबाईची पुन्हा तपासणी झाली. ताप नव्हता, पोट दाबल्यावर दुखत नव्हतं.

"इले अजून लेकरू होईन का, डाक्टर?" रुक्माबाईनं सरळ विचारलं.

"व्हायला काही अडचण दिसत नाही. हवं असेल तेव्हा."

"मंग आता चार वर्सं नको," म्हातारी म्हणाली आणि झुंबरबाईकडे वळली. "तवर काय देतं, बोल."

द्रौपदाबाईनं पदर तोंडाला लावला, तरी हसू ऐकू आलं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपण झुंबरबाईनंच केलं.